अंमळ

माटुंग्याला, प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर
दोन पाट्या ठेवल्यात मी, पाठीला पाठ लावून.
एकच समीकरण दोघींच्या अंगात,
एकाच दुपारचं सोल्डर,
लॅमिंग्टन रोडहून एकाच पुडीत आणलेले कपॅसिटर.
तरी पडद्यावर पहिल्या काही मिलिसेकंदांत
दोघी एकमेकींना ओळखेनाशा होतात.

सातव्या दशांशस्थळी फरक होता.
सातव्या.
एवढ्याशावरून घरं फुटत नाहीत, असं मी तरी म्हणणार नाही.

तैयबभाई पुडी बांधताना म्हणाले होते,
"बेन, वर दहा छापलंय, पण दहा कोणीच नसतं.
साडेनऊ असतं, पावणेअकरा असतं.
दहा फक्त छापायला."

योजना अशी:
पहिलीच्या गोंधळात निरोप मिसळायचा,
पिठात मीठ, तितकाच.
वाटेत कोणी कान लावला तर त्याला नुसती खरखर,
ससून डॉकचा लिलाव लांबून ऐकू यावा तशी,
भाव कळत नाही, फक्त कोणीतरी विकतंय एवढं कळतं.
पलीकडे दुसरीनं स्वतःचा गोंधळ वजा करायचा.
उरेल तो निरोप.
म्हणजे जी नेमकी तितकीच विस्कटलेली आहे
तिलाच वाचता येईल.

हे शेवटचं वाक्य प्रबंधात होतं.
खोब्रेकरसरांनी लाल पेननं खोडलं.
समासात लिहिलं: भाषा!

जुळवायचं कसं, हा खरा प्रश्न.
आकडे हट्टी. हो, नाहीतर नाही.
ओढून जुळवायला गेलं की दुसरी
एकदम कड्यावरून उडी टाकल्यासारखी निघून जाते.
म्हणून मध्ये तिसरी बसवली, धूसर तर्काची, काडेपेटीएवढी.
तिचे नियम आधी वहीत लिहिले, मराठीत:
चूक अंमळ असेल तर जरासं वळव.
चूक फार असेल तरी एकदम खेचू नकोस.
चूक बऱ्यापैकी असेल, पण कमी होत असेल,
तर थांब. बघ.
असे एकोणपन्नास.

यातला एकही मी रेवतीला लावला नाही.

चेंबूरच्या कॉलनीत आम्ही दोघी च लावून बोलायचो.
चवतीरे, चरीघ चये.
बाबांना सगळं कळायचं,
कळत नसल्यासारखा ते पेपर उलटायचे,
आमचं गुपित त्यांनीच इतकी वर्षं सांभाळलं.
मग बाबा गेले. मग फ्लॅट, मग सही,
मग कोणाच्या सहीआधी कोणाची सही.
चार वर्षं झाली.
मीरा रोड काही सातासमुद्रापलीकडे नाही.

पहाटे तीन चाळीस. वॉचमन यादगिरी खाली रेडिओ लावून झोपलेला.
चाचणीला कुठलाही आवाज चालतो,
लोक एक-दोन-तीन म्हणतात.
मी माइकशी तोंड नेलं
आणि काय म्हटलं ते नोंदवहीत लिहिलेलं नाही.

तारेवर खरखर.
दुसरीच्या पडद्यावरही खरखर, आडवा पडलेला आठ,
स्वतःभोवती फिरणारा, कधीही तीच वाट न धरणारा.
चूक फार.
चूक फार.
चूक बऱ्यापैकी.
मी हात मांडीखाली दाबून बसले.
चूक अंमळ.
आणि स्पीकरमधून, विहिरीतून यावा तसा, माझा आवाज:
च… तीरे.
मधलं अक्षर बुडालं होतं.

चूक शून्य झाली नाही. होणारही नाही.
तैयबभाईंचे कपॅसिटर.

पाचला फूलगल्लीत पाट्या उतरायला लागल्या,
अबोलीचा ओला वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला.
तारेवरचा तुकडा फोनवर घेतला, न उलगडलेला,
नऊ सेकंद, निव्वळ खरखर.
पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

साडेसहाला दोन निळ्या खुणा.
सात.
मी पाट्यांची वीज काढली, वायरी गुंडाळल्या,
एक उगाच पुन्हा सोडली.

सात वाजून दहा मिनिटांनी:
"चयका?"

चूक बऱ्यापैकी, पण कमी होत असेल, तर थांब.
थांबलेय.
बघतेय, ती अजून टाइप करतेय.